जबड्याचं ऑपरेशन: दिवसभर पिऊनही भूक जात नाही, वजन उतरत जातं, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. ऑपरेशन नीट झालं, माणूस घरी आला, सूज उतरायला लागली. घरचे दर दोन तासांनी काही ना काही पाजतायत. पण आठवडा उलटला की चेहरा ओढलेला दिसतो, उठलं की गरगरतं, संध्याकाळी चिडचिड होते आणि रात्री भुकेने झोप मोडते. मग कोणी सांगतं शहाळं वाढवा, कोणी सांगतं ज्यूस द्या. ते वाढवलं की दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

माझ्या धाकट्या दिराचा खालचा जबडा बाईकच्या अपघातात दोन ठिकाणी मोडला. प्लेटा बसवल्या आणि वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. बोलता येत नव्हतं, म्हणून तो आतल्या खोलीतून मोबाइलवर लिहायचा. ग्लास रिकामा करून अर्धा तास झाला नाही तोच मेसेज यायचा, 'वहिनी, परत भूक.' तेव्हापासून परळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणि ओळखीपाळखीत कुणाच्या जबड्याचं काही झालं की फोन मला येतो. मी डॉक्टर नाही. औषधं, तारा, रबर बँड यांबद्दल सर्जन सांगतील तेच खरं. मी सांगतेय ते स्वयंपाकघरापुरतं.

आधी ग्लासात काय आहे ते बघा

फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते: काल दिवसभरात काय काय दिलंत? उत्तर साधारण असं येतं. सकाळी चहा, मग सफरचंदाचा रस, शहाळं, दुपारी वरणाचं पाणी, भाताची पेज, संध्याकाळी ताक. ऐकायला भरपूर वाटतं. आता हिशोब करा. शहाळ्याच्या ग्लासात पन्नासेक कॅलरी असतात आणि प्रोटीन जवळपास नसतंच. वरण निवळलं की डाळ तळाला बसते, आणि आपण वरचं पाणी काढून देतो. पातळ पेजेच्या ग्लासात चमचा-दीड चमचा तांदूळ असतो. ताकात दही असतं दोन-तीन डाव, बाकी पाणी. असे सहा ग्लास मिळून जेमतेम साडेतीनशे कॅलरी आणि १० ग्रॅमच्या आत प्रोटीन.

गरज किती आहे? ऑपरेशननंतर जखम भरून यायची असते, हाड जुळायचं असतं, म्हणून प्रोटीन नेहमीपेक्षा जास्त लागतं. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम, आणि कॅलरी १८०० च्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. मधुमेह असेल तर गोड पदार्थांबद्दलही विचारून घ्या.

पोट फुगतं, पण पाण्याने. पदार्थ नळीतून जात नाही म्हणून आपण पाणी घालतो, तरी अडकतो म्हणून आणखी घालतो, आणि जेवणाचं पाणी होऊन बसतं. म्हणून माझा एकच आग्रह असतो: पातळ करा, पण पाण्याने नाही. दुधाने करा, ओल्या नारळाच्या दाट दुधाने करा, भाज्यांच्या किंवा चिकनच्या स्टॉकने करा, डाळीच्या स्वतःच्या कढणाने करा. तहानेचं पाणी मधल्या वेळेला वेगळं द्या.

दुधात दूध घालणं हा सगळ्यात सोपा उपाय. साध्या टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के. फुल क्रीमचा २५० मिलीचा ग्लास घ्या आणि त्यात स्किम्ड मिल्क पावडरचे दोन मोठे चमचे, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास, आधी थोड्या कोमट दुधात कालवून मग मिसळा. ग्लास तेवढाच राहतो आणि प्रोटीन ८ ग्रॅमवरून १७ वर जातं. हीच पावडर सूपमध्ये, खिरीत, अगदी बटाट्याच्या पातळ भाजीतही खपते.

आमच्याकडे बसलेला दिवस असा होता. सकाळी पावडर घातलेलं दूध. दहाच्या सुमारास दुधातली नाचणीची आंबील, गूळ घालून. दुपारी एक मूठ मूगडाळ आणि अर्धी मूठ तांदूळ गुरगुट्या शिजवून, त्यात ४० ग्रॅम पनीर आणि दोन चमचे तूप घालून मिक्सरमधून काढलेलं. चारला दही, केळं आणि थोडी दूध पावडर यांची लस्सी. रात्री १०० ग्रॅम बोनलेस चिकन उकडून, बटाट्याबरोबर वाटून केलेलं सूप, वर तूप. झोपताना हळद-दूध, त्यात भिजवलेल्या काजूची पेस्ट. हे सगळं मिळून १८०० कॅलरींपर्यंत जातं आणि प्रोटीन ८० ग्रॅमच्या वर. शाकाहारी असाल तर रात्री पालक आणि ७५ ग्रॅम पनीर घ्या, फार फरक पडत नाही. रात्रीचा तो शेवटचा पेला सोडू नका, पहाटेची भूक त्याने थांबते.

पाया सूपबद्दल एक सांगायलाच हवं, कारण प्रत्येक घरात ते कुणीतरी सुचवतंच. जरूर द्या, चवीला छान लागतं आणि गरम वाफेने माणसाला बरं वाटतं. पण त्यातलं प्रोटीन मुख्यतः जिलेटिन असतं, ते अपुरं असतं, आणि कॅल्शियमही आपण समजतो तेवढं उतरत नाही. कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणी. पाया या हिशोबात धरू नका. तसंच कस्टर्ड पावडरचं. ती म्हणजे रंग आणि वास घातलेलं कॉर्नफ्लोअर. कस्टर्ड करायचंच तर खऱ्या अंड्याचं करा, मंद आचेवर चांगलं शिजवून. कच्चं अंडं दुधात फेटून देऊ नका.

नळीतून जात नाही, घट्ट होतं

पाणी न घालता पातळ कसं करायचं, हा पुढचा प्रश्न. नाचणी, रवा, तांदळाची पिठी, सगळं गार झालं की गोठतं. यावर एक फार चांगली युक्ती आहे, लहान मुलांच्या आहारात ती पूर्वीपासून वापरली जाते. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, उन्हात वाळवा आणि दळून आणा. घट्ट शिजलेली आंबील गॅसवरून उतरवून थोडी निवू द्या, उकळती नको पण हाताला चांगली कढत हवी. मग या मोड आणलेल्या पिठाचा एक चमचा घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. मोड येताना धान्यात जो एन्झाइम तयार होतो तो पिठूळपणा तोडतो, आणि घट्ट लापशी डोळ्यांदेखत सैल होते. मग परत एक उकळी काढा, कारण वरून घातलेलं पीठ कच्चं असतं. पीठ तेवढंच, पोषण तेवढंच, पाण्याचा थेंब जास्त नाही. पीठ खमंग भाजलेलं असेल तर मात्र हे जमत नाही, भाजल्यावर तो एन्झाइम मरतो.

डाळ-भाताला दुसरी पद्धत. कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. मिक्सरमध्ये आधी घट्टच वाटा, अगदी पेस्ट होईपर्यंत, आणि मग स्टॉक किंवा दूध घालत सैल करा. सुरुवातीलाच पातळ घातलंत तर कण पात्याखालून निसटतात आणि कणीदार राहतं. चिकनचंही तेच, नाहीतर त्याचे धागे राहतात. त्यानंतर पुरणयंत्रातून काढा, सालं तिथेच राहतात, आणि शेवटी चहाच्या बारीक गाळणीतून. माशाचं म्हणाल तर रावस किंवा सुरमईची मधल्या काट्याची तुकडी उकडून, काटा काढून, बोटांनी चाचपून मगच वाटा. दोनदा गाळा. बांगडा, बोंबील यांच्या वाटेला जाऊ नका.

फोडणीने सगळ्यात जास्त घात होतो. मोहरी, जिरं, कढीपत्त्याचा तुकडा नळीच्या तोंडाशी अडकतो, नाहीतर तारेत आणि टाक्यांत जाऊन बसतो. पण फोडणीशिवाय वरण म्हणजे आजारपणाचं जेवण. तर कढल्यात तूप तापवा, जिरं-हिंग-कढीपत्ता तडतडू द्या, लसणाची पाकळी ठेचून टाका, आणि ते तूप स्टीलच्या गाळणीतून वरणात ओता. चुर्र आवाज येतो, घरभर वास सुटतो, आणि वाटीत एकही दाणा जात नाही. माझ्या दिराने पहिल्यांदा अंगठा वर केला तो याच वरणाला.

तूप गार पदार्थात घालू नका, नळीत थिजतं. गार लस्सी किंवा शेकमध्ये भिजवलेल्या काजूची किंवा गुळगुळीत पीनट बटरची पेस्ट घाला. फळांमध्ये पेरू, स्ट्रॉबेरी, अंजीर यांच्या बिया गाळल्याशिवाय नको. चिकू रवाळ लागतो. आंब्याचा सीझन असेल तर हापूस घ्या, रायवळला रेषा असतात.

सिरिंज मेडिकलमध्ये ५० मिलीची, रुंद तोंडाची मागा, सोबत मऊ रबरी नळी. नळी गालाच्या आतून मागच्या दाढेपर्यंत सरकवायची, तिथे दाढांच्या मागे फट असते. ताठ बसवून थोडं थोडं सोडा, गिळलं की पुढचं. वाटीभर संपायला वेळ लागतो, घाई करून ठसका लागू देऊ नका. दट्ट्या चार दिवसांनी कडक सरकतो, त्याच्या रबराला खाण्याच्या तेलाचं एक बोट लावा. वापरून झाल्याबरोबर आधी गार पाणी ओढून सोडा, मग साबणाचं कोमट पाणी. दुधाची नळी तशीच ठेवली तर आत साका धरतो. स्ट्रॉ स्वतःच्या मनाने वापरू नका. ओढण्याचा ताण काही ऑपरेशनांत चालत नाही, वरच्या जबड्याच्या बाबतीत तर खास विचारून घ्या.

चव लागत नाही, सगळं गोड गोड

इथे माणूस खाणं सोडतो, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका. तोंडात लोखंडासारखी चव येत असेल तर बरेचदा ते मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांमुळे असतं, कोर्स संपला की जातं. क्लोरहेक्झिडिनच्या माउथवॉशनेही चव बिघडते. जेवण आधी, माउथवॉश नंतर, असा क्रम लावा. त्याच्यावर लगेच चहा-कॉफीही नको, दात पिवळट-तपकिरी होतात.

आणि तिखटमिठाचे पदार्थ वाढवा. घरोघरी मिल्कशेक, खीर, ज्यूस, परत शेक असा मारा चालतो, त्याने चौथ्या दिवशी उमासा येतो. कढी, कुळथाचं कढण, टोमॅटोचं सार, पातळ पिठलं, मेतकूट घातलेली पेज, लाल भोपळ्याचं सूप, नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, हे सगळं गाळून जातं. टाके ताजे असताना आंबट-तिखट झोंबतं, तेव्हा टोमॅटो, कोकम, मिरची थोडी मागे ठेवा. घरात जी आमटी झाली असेल तीच त्याच्यासाठी वाटा. ज्या वासाने बाकीचे पानावर बसतात त्याच वासाची वाटी समोर आली की तोही दोन घास जास्त घेतो.

गरम किती द्यायचं याची परीक्षा पाजणाऱ्याने करायची, खाणाऱ्याने नाही. खालच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर ओठ आणि हनुवटी बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. मनगटावर थेंब टाका, कोमट लागलं तरच द्या. ओघळलेलंही त्याला समजत नाही, म्हणून गळ्याशी पंचा बांधा आणि न बोलता पुसत राहा.

पोट साफ होत नाही, किंवा उलट

पातळ खाण्यात चोथा नसतो, त्यात ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं असतील तर बद्धकोष्ठ होतंच. काळ्या मनुका रात्री भिजवून, वाटून, गाळून सकाळी द्या. पपई, शिजवलेलं पेर, दुधी चालतो. घरात, गॅलरीत फेऱ्या मारायला लावा. इसबगोल मात्र नको. तो नळीत आणि तोंडात फुगून गच्च होतो. तीन दिवस झाले तर डॉक्टरांकडून पातळ औषध मागा.

जुलाब झाले तर आधी अँटिबायोटिककडे बघा, मग साखरेकडे. एका वेळी मोठा ग्लासभर दूध न सोसणारी माणसं खूप असतात, त्यांना दुधाऐवजी दही-ताकावर आणा आणि घोट लहान करा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पाकिटावर बघून पूर्ण तेवढ्याच पाण्यात विरघळवा. ताप, रक्त किंवा दिवसभर न थांबणारे जुलाब असतील तर घरी बसू नका.

गोळ्यांची पूड करण्यापूर्वी केमिस्टला विचारा. काही गोळ्या हळूहळू विरघळायच्या असतात, त्या कुटल्या की डोस एकदम जातो. बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं.

उलटी होईल अशी भीती

तार बांधलेल्या माणसाच्या उशाशी तार कापायची कात्री हवीच. घरी सोडण्याआधी सर्जनकडून कोणती तार, कुठे कापायची ते घरातल्या दोघांनी बघून घ्या, आणि बाहेर जाताना कात्री बॅगेत ठेवा. उमासा आला तर पटकन पुढे वाकवा, मान खाली. पोटात फक्त पातळ असेल तर ते दातांच्या फटींतून आणि नाकातून बाहेर येतं. म्हणून तर गाळायचा एवढा अट्टहास. पाजल्यावर लगेच आडवं करू नका, अर्धा तास बसवा. दारूला या दिवसांत पूर्ण मज्जाव, आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना तर नाहीच. श्वासाला त्रास वाटला, किंवा तार कापावी लागली, तर तडक हॉस्पिटल.

कामावर गेल्यावर गाडी परत घसरते

घरी सगळं बसलेलं असतं, आणि ऑफिस सुरू झालं की वजन पुन्हा उतरायला लागतं. हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. दहा ते सहा या वेळात फक्त चहा आणि पाणी जातं. डबा दोन भागांत न्या. एक थर्मास, आधी उकळत्या पाण्याने धुऊन गरम केलेला, त्यात डाळीचं किंवा चिकनचं वाफाळतं सूप. दुसरं, घरी फ्रीजमध्ये गार केलेली लस्सी, बर्फाच्या पिशवीबरोबर. मुंबईच्या दमट हवेत वाटलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवण्यासारखं नसतं, पावसाळ्यात तर अजिबात नाही. कमी पडलं तर उडप्याकडे रसम आणि ताक मिळतं, रसम गाळून घ्या. उसाचा रस आणि रस्त्यावरचे ज्यूस टाळा, तोंडातली जखम उघडी आहे.

लोकलचं आधी ठरवा. गर्दीत एक कोपर लागायचा अवकाश. शक्य असेल तर गर्दीची वेळ सोडून निघा, किंवा स्टेशनातून सुटणारी स्लो पकडून बसून जा.

वजन आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर करून वहीत लिहा, आणि शेजारी त्या दिवशी काय काय दिलं तेही. नायर दंत महाविद्यालय असो किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे किंवा तुमच्या सर्जनकडे जाल तेव्हा ती वही दाखवा. नुसतं 'अशक्तपणा आहे' म्हणण्यापेक्षा त्यांना नेमकं कळतं. लघवी गडद पिवळी होत असेल, किंवा सलग दोन आठवडे काटा खालीच जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तार निघाली की

लोकांना वाटतं त्याच दिवशी पोळी-भाजी. तसं नसतं. इतके आठवडे बंद असलेलं तोंड सुरुवातीला बोटभरच उघडतं, आणि चावायची परवानगी सर्जन देतात तेव्हाच. मऊ म्हणजे काय, याची घरगुती पारख अशी: जीभ टाळूला दाबून जे मोडतं तेच मऊ. मेतकूट-तूप-भात, खिमट, मऊ शिरा, सैल उपमा, दुधात पूर्ण विरघळलेली इडली, कुस्करलेलं केळं, मऊ पनीर भुर्जी, अंड्याची सैल भुर्जी, काटा काढलेला उकडलेला मासा. पाव दुधात भिजवलेला चालतो, कोरडा पाव चिकट गोळा होतो.

या टप्प्यात एक चूक जवळजवळ सगळे करतात. मऊ भात सुरू झाला म्हणून दूध पावडर, पनीर, रात्रीचा पेला बंद करतात. मऊ भात खायला वेळ लागतो, तोंड दुखतं, पाव वाटीवर माणूस थांबतो, आणि प्रोटीन परत खाली येतं. पातळ चालूच ठेवा, मऊ त्याच्या जोडीला. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून त्याच्या नंतर. पोळी, मटण, सुकं चिकन बरंच पुढे. चणे, शेंगदाणे, चकली, कणीस आणि बर्फाचे खडे सर्जन स्वतः हो म्हणेपर्यंत नाहीत.